रकान्याबाहेर

दर महिन्याच्या दहा तारखेला
खिडकीच्या अलीकडे मी, पलीकडे रांग.
झेस्ताफोनीच्या भट्टीवरून थेट आलेली माणसं,
पापण्यांच्या मुळाशी काळी रेघ,
जणू काजळ घालून कुणाच्या लग्नाला निघालीत.
मी बोट ठेवते, ते सही करतात.
एकोणीस वर्षं काम एवढंच.

ज्युंबेरवर मी खेकसायचे.
त्याच्या सहीतला ‘ज’ खालच्या माणसाच्या पगारात घुसायचा.
आमच्या लिपीत ‘ज’ला फुली असते,
ह्याची तर दोन तलवारी भिडल्यासारखी.
“रकाना दिसतो का, की चष्मा आणू?”
तो म्हणायचा, “त्सिआला, नाव माझं आहे.
रकाना कारखान्याचा.”

मग केव्हातरी माझं खेकसणं थांबलं.
थांबलं, हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही.

फेब्रुवारीत ऑडिटसाठी जुनी रजिस्टरं काढली.
धूळ झटकत पानं उलटत होते:
सही रकान्यात मावलेली.
पुढच्या वर्षी रकान्यात जागा उरलेली.
मग फुली मिटत मिटत टिंब झालेली,
आणि गेल्या नाताळच्या पगाराला
नाव म्हणजे मुंग्यांची ओळ,
शेवटच्या अक्षरापर्यंत पोचता पोचता दमलेली.
मी पट्टी घेतली.
हिशेबाची बाई आहे, मोजल्याशिवाय बोलत नाही.
सहा वर्षांत
बावन्न मिलिमीटरांचे अकरा.

बाजारात एथेरी भेटली, त्याची बायको, चीज तोलून घेत होती.
“बरा आहे की,” म्हणाली. “हल्ली चिडतसुद्धा नाही.
मेजवानीत पेला उचलून अर्धा तास बोलायचा, आठवतं?
आता ‘सुखी राहा’ म्हणतो आणि बसतो.
हसतो, पण उशिरा.
पाहुणे कोट घालायला लागले की.”
मग तिनं चीज परत तोलायला लावलं. वजन तेवढंच भरलं.

नानुलीनं दवाखान्यात रक्त काढलं. अहवाल आला: ठीक.
कुताइसीच्या डॉक्टरनं तो कागद न वाचल्यासारखा बाजूला सारला.
“मँगनीज रक्तात फार थांबत नाही,” म्हणाला,
“मुक्कामाला वर जातं.”
अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, भरभर.
बोट आधी धावलं, मग चाललं,
मग कुठे जायचं होतं तेच विसरलं.
“आता उलटे चाला.”
“का? मी काय प्यालोय?”
एक पाऊल. दोन. तिसरं.
चौथं पडायच्या आधीच
डॉक्टर त्याच्या मागे जाऊन उभा होता, हात पसरून.

“लवकर सापडलं,” तो मला म्हणाला.
लवकर.
सहा वर्षं माझ्याच कपाटात होतं ते,
माझ्या हातच्या दोऱ्यानं शिवलेलं,
प्रत्येक पानावर माझा शिक्का.

ज्युंबेर आता फाटकावर असतो, दांडा वर, दांडा खाली.
धूर तिथे वाऱ्याच्या मर्जीने येतो.
परवाची सही चौदा मिलिमीटर.
वाढेल, किंवा एवढ्यावरच टिकेल, डॉक्टर म्हणतो,
आणि दोन्ही वाक्यं एकाच सुरात म्हणतो.

कपाटातून आणखी चार नावं निघाली.
साहेब म्हणाले, “हे तुमचं काम नाही, बाई.”
खरंच आहे.
नाव, पद, तास, कपात.
हाताचा रकाना आमच्या नमुन्यात नाही.
तरी यादी मी त्यांच्या टेबलावर ठेवून आले,
वर पट्टी ठेवली, उडू नये म्हणून.
दुसरी पट्टी दुकानातून घेतली, माझ्या पैशाने.

काल दहा तारीख.
खिडकीशी नवा पोरगा, गोचा, चिआतुराचा,
खाण बंद पडली म्हणून भट्टीवर आलेला.
पापण्या अजून स्वच्छ.
सही केली ती अशी,
की शेपूट खालच्या दोन माणसांवरून घसरत गेलं.
“चुकलं मावशी, बाहेर गेलं.”
“जाऊ दे,” म्हटलं, “अजून मोठी कर.”
तो चमकून बघत राहिला.
रांग मागून ओरडली.
तो गेल्यावर मी खण उघडला, पट्टी काढली,
आणि त्याच्या नावापुढे, पेन्सिलीनं,
अगदी बारीक अक्षरात,
पहिला आकडा लिहिला.